आतल्या खोलीतलं जाळं

हळू चालणाऱ्या सिनेमाबद्दल आपल्याकडं एक ठरलेली तक्रार असते. ‘त्यात काही घडतच नाही हो!’ दिवसभर राबून रात्री दोन घटका पडद्यासमोर बसणाऱ्या माणसानं ही तक्रार केली तर मला तिचा राग येत नाही. पण काही सिनेमे असे असतात की हळूपणा काढून घेतला तर मागं उरतं ते वर्तमानपत्रातलं चार ओळींचं कात्रण. टॉड फील्ड या दिग्दर्शकाचा ‘इन द बेडरूम’ हा २००१ सालचा अमेरिकन सिनेमा तसा आहे.

त्या चार ओळी मी आधीच सांगून टाकते, कारण हा सिनेमा ‘पुढं काय होणार’ या उत्सुकतेवर उभा नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथलं समुद्रकाठचं कॅम्डेन हे छोटं गाव. डॉक्टर मॅट फाउलर आणि शाळेत गाणं शिकवणारी त्याची बायको रूथ यांचा एकुलता एक मुलगा फ्रँक कॉलेजातून सुट्टीला घरी आलेला. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, दोन लहान मुलांची आई नॅटली हिच्यावर त्याचा जीव जडलेला. तिचा नवरा रिचर्ड फ्रँकला गोळी घालून मारतो. रिचर्डच्या घरचा माशांचा कारखाना आहे, पैसा आहे, तो जामिनावर सुटून गावात हिंडू लागतो. शेवटी मॅट आपल्या मित्राच्या मदतीनं त्याला रात्री उचलतो, जंगलात नेऊन मारतो, पुरतो आणि पहाटे घरी येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येईल ते एवढंच, की जामिनावरचा आरोपी पळून गेला.

एवढी गोष्ट सांगायला दोन तासांहून जास्त वेळ कशाला लागतो? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

पहिल्यांदा नावाचं सांगते. नाव ऐकून कुणाच्याही मनात भलतंच येईल. पण हे नाव शेवंड पकडायच्या सापळ्यावरून आलंय. (आमच्यासारख्या न खाणाऱ्या घरात ‘लॉब्स्टर’ला मराठीत काय म्हणतात हेसुद्धा कोकणातल्या मैत्रिणीला विचारावं लागतं. ती म्हणाली, शेवंड.) मेनच्या किनाऱ्यावर शेवंडांचा मोठा धंदा चालतो. सापळ्यात जाळीचे कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात आमिष बांधलेलं असतं, त्याला तिथले लोक स्वयंपाकघर म्हणतात. आमिष खाऊन शेवंड पुढं सरकते ती आतल्या कप्प्यात, आणि तिथून परतीची वाट नसते. सिनेमात त्या आतल्या कप्प्याला बेडरूम म्हटलंय. मॅट हे सगळं नॅटलीच्या मुलाला होडीत हसत-खेळत समजावून सांगतो. आत दोनापेक्षा जास्त शेवंडा झाल्या की त्या एकमेकींना फाडतात, नांग्या तोडतात. पोटाशी अंडी असलेली मादी सगळ्यांत भारी, आणि तिला कायद्यानं पाण्यात परत सोडावी लागते.

लहान मुलाला सांगितलेली ही गंमत आपण विसरूनही जातो. पुढं सिनेमाभर ती खरी होत जाते. दोघांच्या जागी तिसरा आला की काय होतं, हे फ्रँक, नॅटली आणि रिचर्ड यांच्यात दिसतं. फ्रँक गेल्यावर घरात मॅट आणि रूथ दोघंच उरतात, पण गेलेला मुलगा तिसरा होऊन त्यांच्यामध्ये बसलेला असतो. फील्डनं हे कुठंही बोट दाखवून सांगितलेलं नाही. या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा सिनेमा होता, हे लक्षात घेतलं तर त्याच्या संयमाचं नवल वाटतं.

खून सिनेमाच्या पहिल्या भागातच होऊन जातो, आणि तो होताना आपल्याला दिसत नाही. नॅटली मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर आहे, गोळीचा आवाज येतो, ती खाली धावते. कॅमेरा तिच्याबरोबर आहे, तिनं पाहिलं तेवढंच आपण पाहिलं. पुढं कोर्टात वकील तिला नेमकं हेच विचारतो, गोळी झाडताना तू पाहिलंस का? आणि तिला कबूल करावं लागतं की नाही, फक्त आवाज ऐकला. झालं. जाणूनबुजून केलेला खून आता ‘झटापटीत गोळी सुटली’ इथपर्यंत घसरणार, शिक्षा होणार ती थोडक्या वर्षांची. बघणाऱ्यालाही तिच्याबद्दल काही बोलता येत नाही, कारण आपणही पाहिलेलं नसतं. कॅमेरा कुठं ठेवायचा हा नीतीचासुद्धा प्रश्न असतो, तो असा.

त्यानंतर येतो तो दुःखाचा मोठा पट्टा. बरेच लोक याच ठिकाणी उठून पाणी प्यायला जातात. लहान-लहान प्रसंग येतात आणि पडदा काळा होतो. पुन्हा एक प्रसंग, पुन्हा काळोख. रूथ टीव्हीसमोर सिगारेट ओढत बसलेली. मॅट दवाखान्यात, गरज नसताना. पत्त्यांचा ठरलेला डाव, त्यात कुणी काही बोलायचं म्हणून बोलतं आणि मग सगळेच गप्प. दुःखात कथानक नसतं, हे ज्यांच्या घरात अकाली मरण झालंय त्यांना सांगायला नको. आपल्याकडं समाचाराला माणसं येतात, ‘जेवलात का’ विचारतात, कुणीतरी पिठलं-भात घेऊन येतं, दहावा-बारावा होतो. नंतर माणसं आपापल्या कामाला लागतात, आणि खरं दुःख तिथून सुरू होतं. दुपारी साडेतीनचं दुःख. चहा टाकायचा की नाही, टाकला तर किती कपांचा, असं. फील्डनं ते साडेतीनचं दुःख दाखवलंय. काळा पडदा आला की वाटतं, आता पुढचा दिवस तरी बरा निघेल. निघत नाही.

सिसी स्पेसेक हिनं रूथचं काम केलंय आणि टॉम विल्किन्सन यानं मॅटचं. विल्किन्सन इंग्लंडचा, पण मेनच्या गावातला डॉक्टर म्हणून तो इतका सहज वावरतो की मुद्दाम आठवावं लागतं. २००२ च्या ऑस्करसाठी या सिनेमाला पाच नामांकनं होती. उत्कृष्ट चित्रपट, या दोघांचा अभिनय, नॅटली झालेल्या मरिसा टोमेचा अभिनय आणि पटकथा. मिळालं एकही नाही. त्यानं सिनेमाचं काही बिघडत नाही, पण ‘कुणी नावाजलंय का’ असं विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

या दोघांचं भांडण हा सिनेमाचा कणा आहे. महिनोन्‌महिने एकमेकांशी धड न बोललेलं जोडपं एका संध्याकाळी फुटतं. तो म्हणतो, तुझ्या धाकामुळं, तुझ्या सतत चुका काढण्यामुळं पोरगं त्या बाईकडं ओढलं गेलं. ती म्हणते, तुला सगळं ठाऊक होतं, तू त्याला थांबवलं नाहीस, उलट तुला मनातून ते आवडत होतं. दोघंही खरं बोलतात. म्हणूनच ते ऐकवत नाही. आणि ऐन भरात दारावरची बेल वाजते. शाळेसाठी चॉकलेट विकणारी एक लहान मुलगी दारात उभी. आवाज खाली येतात, पैसे शोधले जातात, चॉकलेट घेतलं जातं. दार लागतं तेव्हा भांडणातला जीव गेलेला असतो. संसार केलेल्या कुठल्याही बाईला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मरणाच्या गोष्टीतसुद्धा दारावर कुणी आलं की पदर सावरून हसायचं असतं.

यानंतर सूर मऊ होतो. रूथ सांगते की तो माणूस तिला गावात भेटतो, दुकानात, रस्त्यात, कुठंही. ‘त्याला मार’ असं ती म्हणत नाही. सिनेमाभर एकदाही म्हणत नाही. पण ते दोघं त्या रात्री पुन्हा एकमेकांचे होतात, आणि कशावर एकमत होऊन होतात हे आपल्याला कळतं. दुरावलेलं नवरा-बायकोचं नातं जुळतं याचा आनंद व्हायला हवा, तिथं अंगावर काटा येतो.

इथं मला लहानपणी पाठशाळेत घोकलेलं एक गणित आठवतं. धर्म शिकवायला ते सांगत नाही, या सिनेमाची कुलपं त्यानं नीट उघडतात म्हणून सांगते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात पापाची आकडेमोड आहे. संरंभ म्हणजे मनाशी ठरवणं, समारंभ म्हणजे साधनं जुळवणं, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष करणं. (मराठीत समारंभ म्हटलं की लग्नाचा मांडव डोळ्यांपुढं येतो, शास्त्रात तिथं हत्यार गोळा होत असतं.) हे तीन मनानं, वाचेनं, कायेनं. ते स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले, किंवा दुसऱ्यानं केल्यावर ‘बरं झालं’ म्हटलेले, म्हणजे कृत, कारित, अनुमोदित. आणि त्यांच्या मुळाशी क्रोध, मान, माया, लोभ यांतलं काहीतरी. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे १०८. जपाच्या माळेत १०८ मणी का, याचं आमच्याकडचं एक उत्तर हे. लहानपणी ते नुसतं पाढ्यासारखं वाटायचं. हा सिनेमा बघताना त्यातला एकेक मणी दिसायला लागला.

बंदूक मॅटच्या हातात आहे, ते कृत. मित्र विलिस जागा देतो, सोबत येतो, बेत आखतो, तो समारंभ. रूथनं हात लावलेला नाही, शब्दही उच्चारलेला नाही, तरी तिच्याशिवाय ही रात्र उगवली नसती. कारित कशाला म्हणतात हे मी कुठल्या पुस्तकात इतकं स्वच्छ वाचलेलं नाही. आणि अनुमोदित? ते आपण. कसं, ते सांगते.

दीड तास आपण त्या घरात बसून आहोत. काही घडत नाही म्हणून आपलाही जीव कासावीस झालाय. न्याय हलत नाही, दुःख हलत नाही, सिनेमा हलत नाही. अशात मॅट बंदूक घेऊन रिचर्डच्या गाडीपाशी उभा राहतो, आणि आपल्याला बरं वाटतं. चला, आता काहीतरी होतंय! तो हळूपणा एवढ्यासाठी होता. कंटाळ्यानं आपल्याला खुनाच्या बाजूला नेऊन बसवलेलं असतं, आणि आपण आपल्या पायांनी तिथं गेलेले असतो. आमच्या मंडळातल्या पाच-सहा जणींना मी हा सिनेमा दाखवला, तेव्हा नेमक्या या क्षणाला एक काकी म्हणाल्या, “आता कसं!” मग पुढची वीस मिनिटं त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

कारण एवढं झालं तरी फील्ड घाई करत नाही. इतर सिनेमात जिथं गोळी सुटून टाळ्या पडतात, तिथं इथं रिचर्डला त्याच्या खोलीवर नेऊन बॅग भरायला लावतात. तो पळून गेला असं वाटावं म्हणून. कपडे घडी करून ठेवणारा माणूस राक्षस वाटत नाही. त्याच्या भिंतीवर एक फोटो आहे, नॅटली त्याच्याबरोबर हसतेय. मॅट तो बघतो. ज्याला मारायला तो आलाय, त्याच्यावरही कुणी कधीतरी जीव लावला होता. जंगलात गोळी सुटते ती कसल्याही तयारीशिवाय, भाषणाशिवाय. मग खड्डा, माती, आणि परतीचा लांब रस्ता.

आपल्या हिंदी सिनेमाची आठवण यावी असं हे ठिकाण. ‘शोले’ १९७५ साली आला, तेव्हा ठाकूरच्या हातून, म्हणजे खरं तर पायांतून, गब्बर मरतो असा शेवट आधी चित्रित झाला होता. सेन्सॉरच्या आग्रहामुळं तो बदलला आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला आवरतात असं दाखवलं गेलं. बघणाऱ्याचं दोन्हीकडून भागलं, सूडाची ऊबही मिळाली आणि कायद्याचा मानही राहिला. ‘इन द बेडरूम’मध्ये ऐन वेळी कुणी येत नाही. मेन राज्यानं फाशीची शिक्षा १८८७ सालीच रद्द केलेली आहे, म्हणजे तिथल्या सरकारनं सव्वाशे वर्षांत जे केलं नाही ते एक सभ्य डॉक्टर एका रात्रीत करून येतो. सभ्य, शिकलेला, गावानं मान दिलेला. सिनेमाचा खरा धाक इथं आहे.

मूळ कथा आंद्रे द्युबुस या अमेरिकन लेखकाची, ‘किलिंग्ज’ नावाची. नावातलं अनेकवचन लक्षात घ्या. खून एक नाही. द्युबुस १९९९ मध्ये वारले, सिनेमा त्यांना अर्पण केलेला आहे. कथेत मॅट कापडाचा दुकानदार आहे, त्याला आणखी दोन मुलं आहेत, आणि कथेची सुरुवातच फ्रँकच्या दफनापासून होते. फील्डनं फ्रँकला एकुलता एक केला आणि त्याला आपल्यासमोर जिवंत हिंडू-फिरू दिला. कथेत सूड हा बापाच्या मनातला एकट्याचा प्रवास आहे, सिनेमात तो नवरा-बायकोचा सामाईक संसार झालाय. हा बदल मला मोठा वाटतो. कथा वाचून मी मॅटचा विचार करत राहिले, सिनेमा बघून रूथचा.

उणिवाही सांगायला हव्यात. नॅटली दुसऱ्या भागात जवळजवळ नाहीशी होते. ती रूथकडं क्षमा मागायला येते आणि रूथ तिच्या थोबाडीत मारते, हा प्रसंग जबरदस्त आहे. रूथ लगेच पुन्हा आपल्या कामाकडं वळते, त्यामुळं तर जास्तच. पण त्यानंतर त्या बाईचं काय? तिच्या मुलांचा बाप आता ‘पळून गेलेला’ असणार. तो कधी परत येईल म्हणून ती पोरं दाराकडं बघत मोठी होणार, आणि खरं काय ते त्यांना कुणी सांगणार नाही. होडीत सापळ्याची गंमत ऐकणारा तो मुलगा त्यांतलाच एक. फाउलरांच्या दुःखाला सिनेमा दीड तास देतो, या पोरांच्या दुःखाला एक मिनिटही नाही. मला ते खटकतं. विलिस हा मित्रही फारच सहज तयार होतो. मित्राच्या मुलासाठी माणूस रडेल, पैसे देईल. खड्डा खणायला जायच्या आधी त्याची एक तरी रात्र बिनझोपेची जायला हवी होती.

आणि एक गोष्ट, जी आपल्या घरांना फार जवळची आहे. रूथला नॅटली पहिल्यापासून पसंत नाही. कमी शिकलेली, दोन पोरांची, नवरा सोडलेली. रूथ वाईट बाई नाही, फक्त तिच्या मनात मुलाच्या आयुष्याचा एक आराखडा आहे आणि त्यात नॅटली बसत नाही. आपल्याकडंही हे असं चालतंच की! मुलगा हाताबाहेर जातो तेव्हा बाई समोरच्या बाईला दोष देते. थोबाडीत बसली ती नॅटलीला, पण तो हात खूप आधीपासून उगारलेला होता. क्षमा मागायला आलेल्याला कसं परतवतात हे आम्ही पार्श्वनाथांच्या कथेत लहानपणापासून ऐकतो. मरुभूती भावाची, कमठाची, क्षमा मागायला जातो आणि कमठ त्याला दगडानं मारतो. तिथून ते वैर जन्मामागून जन्म चालत राहतं. कथेत मागचे-पुढचे जन्म दिसतात, म्हणून सूडाची लांबी कळते. सिनेमाजवळ एकच जन्म असतो. फील्डनं तो इतका सावकाश दाखवलाय की लांबी त्यातच कळावी.

शेवटच्या प्रसंगात मॅट पहाटे घरी येतो. रूथ जागीच आहे, पलंगावर सिगारेट ओढत. ती विचारते, झालं का? प्रश्न इतक्या साध्या आवाजात येतो की बँकेचं काम झालं का असं विचारावं. तो अंथरुणावर पडतो, आणि बोलतो ते त्या फोटोबद्दल, नॅटलीच्या हसण्याबद्दल. रूथला ते समजत नाही, किंवा समजून घ्यायचं नाही. ती खाली जाते आणि स्वयंपाकघरातून हाक मारून विचारते, कॉफी हवी का? तो उत्तर देत नाही. बाहेर गाव जागं होत असतं.

या सिनेमाला ‘न्याय मिळाल्याची गोष्ट’ म्हणणारे लोक मला भेटलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. एवढंच सांगते, की शेवटची पाच मिनिटं पुन्हा एकदा बघा, आवाज थोडा वाढवून. कॉफीचं विचारते तेव्हा तिच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा हलकेपणा आहे. तो त्याच्यापर्यंत पोचत नाही. सापळ्याच्या आतल्या कप्प्यात आता दोघंच आहेत, आणि स्वयंपाकघराकडं परत जायची वाट तिला मोकळी दिसतेय, त्याला नाही.